बुसानमध्ये राहायला गेलात, तर तिथलं खाणं-पिणं शोधायचं कसं?

शिक्षण, नोकरी किंवा बंदराच्या कामानिमित्त बुसानला गेलेल्या अनेकांचा पहिला महिना एकाच पद्धतीने जातो. कोपऱ्यावरच्या दुकानातले रामेन, उकडलेली अंडी, केळी आणि पुन्हा रामेन! बाहेर गल्लीत दहा खाणावळी असतात, पण पाटी कोरियन, मेन्यू भिंतीवर कोरियन आणि आतल्या रश्श्यात नेमकं काय आहे ते कळत नाही. बीफ किंवा पोर्क खात नसाल तर आत पाऊल टाकायचीच भीती वाटते.

सुमारे 32 लाख वस्तीचं बुसान हे दक्षिण कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. इथे उपाशी राहायची वेळ येत नाही, फक्त पाटी वाचता यायला हवी.

आधी लिपी, मग अ‍ॅप

कोरियन लिपी म्हणजे हंगुल. राजा सेजोंगच्या काळात, 1443 मध्ये ती तयार झाली आणि 1446 मध्ये जाहीर झाली. मूळ अक्षरं फक्त 24 आहेत. व्यंजनाला स्वर जोडून अक्षर बनवायचं, म्हणजे आपल्या बाराखडीसारखंच. त्यामुळे मराठी माणसाला ती इंग्रजीपेक्षा सोपी वाटते. दोन-तीन दिवस रोज तासभर दिलात तर पाटी अडखळत का होईना, वाचता येते.

याचा फायदा मोठा आहे, कारण कोरियातल्या बऱ्याच खाणावळी एकाच पदार्थाच्या असतात आणि तो पदार्थ पाटीवर ठळक लिहिलेला असतो. शब्दाचा शेवट बघा. 'बाप' म्हणजे भात, 'म्योन' म्हणजे नूडल्स, 'गुक' किंवा 'तांग' म्हणजे सूप, 'च्चिगे' म्हणजे दाट रस्सा, 'जॉन' म्हणजे धिरडं आणि 'गुई' म्हणजे भाजलेलं. मग सुरुवात बघा. 'द्वेजी' डुक्कर, 'सो' गाय, 'दाक' कोंबडी, 'ओरी' बदक, 'योम्सो' बकरी. 'हानू' दिसलं तर ते देशी गोमांस. एवढ्या डझनभर शब्दांवर निम्मं शहर उलगडतं.

जागा शोधायला मात्र नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. तपशीलवार नकाशाचा डेटा देशाबाहेर नेण्यावर कोरियन सरकारचे निर्बंध असल्यामुळे गुगल मॅप्सची दिशादर्शनाची सोय तिथे वर्षानुवर्षं अपुरी राहिली. शोधताना पदार्थाचं नाव हंगुलमध्ये टाका. इंग्रजीत शोधलंत तर बहुतेक पर्यटकांसाठीच्याच जागा समोर येतात.

एकट्याने जेवायचं असेल तर

मांस भाजून खायच्या हॉटेलात बऱ्याचदा किमान दोन माणसांची ऑर्डर लागते. एकट्या माणसाने 'बेकबान' शोधावं. भात, सूप आणि चार-सहा छोट्या वाट्या असं ताट, थेट आपल्या राइस प्लेटच्या वंशातलं. त्या वाट्यांना 'बानचान' म्हणतात. त्या संपल्या तर सहसा पुन्हा मिळतात आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. 'गिसा सिक्तांग' म्हणजे टॅक्सीचालकांच्या खाणावळी. तिथे एकट्याने जेवण्यात काहीच वावगं नाही आणि ताट झटपट येतं.

चमचे-चॉपस्टिक अनेकदा टेबलाच्या खणात असतात, पाणी स्वतः घ्यायचं आणि टिप द्यायची पद्धत नाही. वाढणाऱ्या बाईंना हाक मारायची ती 'इमो' म्हणून. या शब्दाचा अर्थ आहे मावशी! खाणावळीतल्या मावशींना हाक मारायची सवय असलेल्या माणसाला हे काही वेगळं शिकावं लागत नाही.

बुसानचं स्वतःचं काय?

1950 ते 1953 च्या कोरियन युद्धात बुसान ही देशाची तात्पुरती राजधानी होती आणि उत्तरेकडून निर्वासितांचे लोंढे इथे आले. शहराच्या ताटात ते अजून दिसतात. उत्तरेतल्या लोकांना बकव्हीटच्या थंड नूडल्स हव्या होत्या, पण हाताशी होतं अमेरिकी मदतीत आलेलं गव्हाचं पीठ. त्यातून 'मिलम्योन' आलं. बर्फाळ रश्श्यातल्या गव्हाच्या नूडल्स, उन्हाळ्यात खायच्या. रस्सा मात्र सहसा हाडांचा असतो.

दुसरा पदार्थ 'द्वेजी गुकबाप', म्हणजे डुकराच्या हाडांच्या सुपात भात. सोम्योन भागातल्या बाजारात याची अख्खी गल्ली आहे. सूप मुद्दाम अळणी येतं. खारवलेली बारीक कोळंबी, तिखट आणि पातीसारखी 'बुचू'ची भाजी घालून चव आपण जमवायची. पोर्क खाणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात इथे जावं.

मासे खाणाऱ्यांची तर चैनच. बुसानचा अधिकृत 'शहराचा मासा' आहे 'गोदुंगो', आपल्या बांगड्याचा भाऊबंद. तो मीठ लावून भाजलेला मिळतो आणि सोबत गरम भात. 'गल्ची' हा वाकटीच्या जातीचा. जागाल्ची बाजारात खाली मासा घ्यायचा आणि वरच्या मजल्यावर बसून खायचा. बसण्याचे आणि शिजवण्याचे पैसे वेगळे पडतात, ते आधीच विचारून घ्या. पाटीवर 'ह्वे' असेल तर मासा कच्चा येणार.

शाकाहारी असाल तर

इथे खरी परीक्षा आहे. 'गोगी प्पे जुसेयो' म्हणजे 'मांस काढून द्या' हे वाक्य उपयोगी आहे, पण पुरेसं नाही. 'गोगी'मध्ये मासे धरत नाहीत आणि रश्श्याचा पाया बऱ्याचदा सुकवलेल्या छोट्या माशांचा असतो. किमचीतही बहुधा माशाचं किंवा कोळंबीचं खारवण असतं. म्हणून रश्श्यापासून दूर राहा. मांस आणि अंडं वगळून 'बिबिमबाप' मागा. 'बिंदेतॉक' म्हणजे मुगाचं जाड धिरडं, पण त्यात पोर्क घालतात, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका.

सर्वात निर्धास्त जागा म्हणजे बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण, 'साचाल उमशिक'. त्यात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. जैन जेवण पाळणाऱ्यांनी हा शब्द पाठच करावा. (कंदमुळं मात्र त्यात असतात.)

आणि पिण्याचं?

'बोरिचा' हा भाजलेल्या जवाचा चहा पाण्यासारखा पितात. 'शिक्ये' हे तांदूळ आणि जवाच्या माल्टचं गोड पेय, तर 'सुजोंग्वा' आलं-दालचिनीचं. 'मिसुतगारू' हे भाजलेल्या धान्यांचं पीठ दुधात किंवा पाण्यात कालवलेलं. पहिल्याच घोटाला सातूचं पीठ आठवेल. दुकानातून पाकीट आणून घरी ठेवलंत तर सकाळच्या नाश्त्याचा प्रश्न मिटतो.

दारू पिणाऱ्यांसाठी बुसानची ओळख म्हणजे गमजॉन्ग डोंगरावरच्या किल्ल्यातली 'माक्कॉल्ली', तांदळाची पांढुरकी दारू. तिच्यासाठी गव्हाचं खमीर पायाने तुडवून थापतात. घरगुती दारूवर बंदी असतानाही गावाने ती चोरून चालू ठेवली आणि 1979 मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या काळात तिला परवानगी मिळाली. मेट्रोच्या ओनचॉन्जांग स्थानकावरून 203 क्रमांकाची बस त्या गावात जाते. गावात बकरीचं मटण कोळशावर भाजून देतात, त्यामुळे बीफ-पोर्क न खाणाऱ्यांनाही तिथे पोटभर जेवता येतं. सोबत पातीच्या कांद्याचं 'पाजॉन' घ्या.

नेहमीच्या माक्कॉल्लीत सुमारे 6 टक्के अल्कोहोल असतं, हिच्यात 8 टक्के. ओतण्याआधी तळाचा साका हलवून घ्या, पण झाकण हळूहळू उघडा. आत आंबण्याची क्रिया चालूच असते आणि पहिला फवारा थेट शर्टावर येतो.