तळटीप : ‘जेम्समास्तर’ आणि याकोबाचे पत्र

गोंदियाच्या रेल्वे वसाहतीतले जेम्समास्तर प्रार्थनेला बसले की ‘माझ्या नावाचं पत्र’ म्हणून याकोबाचे पत्र उघडतात. यात लेखकाची काही गफलत नाही, नाव एकच. हिब्रू ‘याकोव’चे ग्रीकमध्ये ‘इयाकोबोस’ आणि लॅटिनमध्ये ‘याकोबुस’ झाले. पुढे बोलीतल्या लॅटिनमध्ये ‘ब’च्या जागी ‘म’ आला, ‘याकोमुस’. त्यातून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘जेम्स’. मराठी बायबल या फेऱ्यात पडतच नाही. इसहाकाचा मुलगा आणि येशूचा शिष्य, दोघेही याकोब. इंग्रजी वाचकाला मात्र एक जेकब, दुसरा जेम्स.

‘येशू’ची गंमत याहून मोठी. मूळ ‘येशुआ’. ग्रीकात ‘श’ नाही आणि पुरुषनामाला शेवटी ‘स’ लागायचा, म्हणून ‘इयेसूस’. मराठीने तो ‘स’ टाकला, हिब्रूतला ‘श’ राखला. मोशेनंतरचा यहोशवा ग्रीकात याच नावाने येतो; त्यामुळे इब्री लोकांस पत्रात (४:८) १६११च्या इंग्रजी भाषांतराने चक्क ‘जीझस’ छापले. मराठीत तिथे यहोशवाच आहे, आणि तेच बरोबर.

थेट हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचा खटाटोप पंडिता रमाबाईंनी केडगावी केला. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली निघाले. आणि गोंदियापुरते सांगायचे तर, रेव्हरंड ना. वा. टिळकांना राजनांदगावच्या ज्या रेल्वेप्रवासात नवा करार मिळाला, त्याचा लोहमार्ग गोंदियावरूनच जातो.

— संपादक