किद्दुश हाशेम

किद्दुश हाशेम : ज्यू धर्मातील एक कर्तव्य, ईश्वराच्या नामाचे पावित्र्य जगापुढे प्रकट करणे. ज्या कृतीने चारचौघांत ईश्वराची थोरवी दिसते ती किद्दुश हाशेम आणि जिच्यामुळे त्याच्या नावाला बट्टा लागतो ती हिल्लुल हाशेम. बायबलच्या लेवीय ग्रंथातील २२ व्या अध्यायावर हे कर्तव्य आधारलेले आहे. पुढे छळाच्या शतकांत धर्मासाठी प्राण देणे हा त्याचा अर्थ इतका ठळक झाला, की बाकीचे अर्थ मागे पडले. ज्यू धर्मशास्त्राने मात्र जीव केव्हा द्यावा याच्या इतकाच, किंबहुना थोडा अधिकच, तो केव्हा देऊ नये यावर खल केला आहे.

जीव केव्हा द्यावा याचा निर्णय लोद गावी नित्झा नावाच्या गृहस्थाच्या माडीवर जमलेल्या पंडितांनी मतदानाने केला, असे ताल्मुद हा ज्यू धर्मशास्त्रग्रंथ सांगतो. धर्माज्ञा माणसाने जगण्यासाठी दिल्या आहेत. म्हणून मानेवर तलवार असेल तर आज्ञा मोडावी, जीव वाचवावा. अपवाद तीनच : मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि मनुष्यहत्या. ही पातके करण्यापेक्षा मरण पत्करावे. मात्र राजसत्ता धर्मच बुडवायला निघाली असेल, तर चपलेच्या बंदासारख्या क्षुल्लक रिवाजासाठीही माघार घेऊ नये. दहा ज्यूंच्या देखत बळजबरी होत असेल तरीही नियम कडक होतो, कारण तेथे प्रश्न एकट्याचा राहत नाही.

या परंपरेचा आदर्श पुरुष म्हणजे रब्बी अकिवा. बार कोखबाच्या उठावाच्या (१३२–१३५) सुमारास रोमनांनी तोरा (ज्यूंचे धर्मशास्त्र) शिकवण्यावर बंदी घातली. अकिवा उघडपणे शिकवत राहिले आणि पकडले गेले. लोखंडी फण्यांनी त्यांचे मांस ओरबाडले जात असताना शेमा या प्रार्थनेची वेळ झाली. इथपर्यंत का, असे शिष्यांनी विचारले. ईश्वरावर सर्व प्राणानिशी प्रेम करण्याची आज्ञा आपल्याला कधी पाळता येईल, याचीच आपण जन्मभर वाट पाहत होतो, अशा आशयाचे उत्तर देऊन ईश्वर ‘एक’ असल्याचा उच्चार लांबवतच त्यांनी प्राण सोडला. (कोकणच्या बेने इस्राएलांनी इतर हिब्रू प्रार्थना विसरल्यावरही जपली, असे त्यांची परंपरा सांगते, ती प्रार्थना हीच.)

रब्बी हनिना बेन तेरादियोन यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तोराच्या गुंडाळीत लपेटून त्यांना जाळण्यात आले आणि मरण लांबावे म्हणून छातीवर ओली लोकर ठेवण्यात आली. तोंड उघडून ज्वाळा आत घ्या, असे शिष्यांनी सुचवले. जीव ज्याने दिला त्यानेच तो घ्यावा, असे म्हणून त्यांनी नकार दिला. जल्लादाने लोकर काढण्याची तयारी दाखवली तेव्हा मात्र संमती दिली. हौतात्म्य आणि आत्महत्या यांच्यातील रेषा किती बारीक आहे, हे कोणत्याही भाष्यापेक्षा ही कथा चांगले सांगते.

ती रेषा १०९६ मध्ये ऱ्हाइन नदीकाठी पुसली गेली. पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी वर्म्स व माइन्त्स येथील ज्यूंपुढे बाप्तिस्मा किंवा मृत्यू असा पर्याय ठेवला. माइन्त्सच्या ज्यूंनी आर्चबिशपच्या वाड्यात आश्रय घेतला होता. मे महिन्याच्या अखेरीस अशाच एका टोळीचा नायक एमिखो याच्या माणसांनी तो फोडला, तेव्हा अनेकांनी आधी मुलाबाळांना आणि मग स्वतःला मारले. हिब्रू इतिवृत्ते या मृत्यूंचे वर्णन अब्राहामाने मांडलेल्या इसहाकाच्या बलीच्या भाषेत करतात. फरक एवढाच, की इसहाक वाचला होता. लोदच्या निर्णयात मुलांना मारण्याची मुभा कोठेही नव्हती. पुढच्या काळातील एक कथा तर सांगते, की छळाच्या भीतीने मुलांना मारणाऱ्या एका रब्बीला दुसऱ्याने खुनी ठरवले आणि नंतर ते संकट टळले. तरीही अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील ज्यू) समाजाने ऱ्हाइनच्या मृतांना हुतात्मेच मानले. त्यांच्या स्मरणाची ‘अव हाराहमीम’ ही प्रार्थना अश्केनाझी सभास्थानांत आजही म्हटली जाते. येथे शास्त्र हरले आणि शोक जिंकला, असे म्हणावे लागते.

दक्षिणेकडे सूर वेगळा होता. मोरोक्को व स्पेनमध्ये अल्मोहाद राजवटीने इस्लाम लादला, तेव्हा ओठांनी कलमा म्हणणारा ज्यू धर्मातून गेला, असा फतवा एका पंडिताने दिला. ज्यू धर्मपंडित मायमोनिडीझने त्याला खरमरीत उत्तर दिले : नुसत्या शब्दांसाठी मरू नका, गुपचूप आज्ञा पाळा आणि संधी मिळताच तो देश सोडा. आज्ञा मोडून जगण्याची मोकळीक असताना जो मरतो तो स्वतःच्या जिवाचा अपराधी, असे त्याने आपल्या धर्मसंहितेतही नोंदवले. अश्केनाझी पंडितांपैकी कित्येकांना हे मान्य नव्हते.

मृत्यूशी संबंध नसलेला किद्दुश हाशेमही ताल्मुदात आहे. शिमोन बेन शेताहच्या शिष्यांनी परधर्मीयाकडून विकत घेतलेल्या गाढवाच्या गळ्यात मोती सापडला. आपण गाढव घेतले, मोती नव्हे, या न्यायाने शिमोनने तो परत करायला लावला आणि विकणाऱ्याने ज्यूंच्या ईश्वराची स्तुती केली.

नाझींनी जुनी चौकटच मोडली. धर्म बदलून सुटका नव्हती, त्यामुळे निवडीला जागा उरली नाही. अशा वेळी जिवंत राहणे हेच कर्तव्य, हा ‘किद्दुश हाहायिम’चा म्हणजे जीवनाच्या पवित्रीकरणाचा विचार वॉर्सा गेटोतील रब्बी यित्झहाक निस्सेनबाउम यांच्या नावे सांगितला जातो. लिथुआनियातील कोव्हनो येथे मात्र हौतात्म्यापूर्वी म्हणायच्या आशीर्वचनाचे नेमके शब्द कोणते, असे रब्बी एफ्राइम ओश्री यांना विचारले गेले. त्यांनी जुन्या ग्रंथांचा आधार शोधून उत्तर दिले. ओश्री युद्धातून वाचले आणि अशी प्रश्नोत्तरे त्यांनी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आज स्मरणप्रार्थनांत नाझींच्या सर्वच ज्यू बळींचा, श्रद्धावान असोत वा नास्तिक, किद्दुश हाशेमसाठी मेलेले असाच उल्लेख होतो.