गारुड्याची टोपली
कारंजा लाडला आमच्या गल्लीत नागपंचमीला गारुडी यायचा. वेताची टोपली, जुन्या लुगड्याचं झाकण, पुंगीचा घोगरा सूर. आजी दुधाची वाटी पुढे करायची. एकदा मी वाकून पाहिलं, तर नागाच्या ओठाला रक्त सुकलेलं. विषदंत उपटलेत, साप दूध पीतच नाही, हे पुढे प्राणिशास्त्राच्या सरांनी समजावलं.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या बळावर पुढे असा नाग बाळगणं गुन्हा ठरलं. १ एप्रिल २०२३पासून तर नाग पहिल्या अनुसूचीत आहे. सरांचं म्हणणं खरंच होतं, त्या ओठांवरचं रक्त मी विसरलेलो नाही. पण कुडाच्या भिंतीत साप शिरला की अख्खी गल्ली त्याच गारुड्याला हाक मारायची. कोणत्या पावसानंतर कोणता साप निघतो, हे त्याला तोंडपाठ. आमच्याकडे ते कुणी वहीत उतरवून घेतलं नाही. मीसुद्धा नाही.