त्रिकोणाला जामीन

गाडी विकत घेण्याच्या बाबतीत कोणी माझा सल्ला विचारील असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या मालकीचं वाहन म्हणजे एक सेकंडहँड स्कूटर, आणि तीही आधी अंगावर घेऊन कलती केल्याशिवाय सुरू होत नाही. तरी भाचा बर्मिंगहॅमहून फोनवर म्हणाला, "मामा, तू बँकेत आहेस ना? जुनी गाडी घेताना काय काय बघायचं ते सांग." ज्याच्या टेबलावरून वाहनकर्जाचे अर्ज सरकतात त्याला वाहनातलं कळतं, अशी भाच्यांची समजूत असते. मला अर्जातलं कळतं.

गाडी होती एनएसयू आरओ 80. "हिच्यात पिस्टन नसतो, मामा. त्रिकोण फिरतो!" आम्हाला बी. कॉम.ला भूमिती नव्हती. आठ दिवस वाचत बसलो. सौभाग्यवतीला वाटलं, खात्याची परीक्षा आली.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन सारखा वर-खाली हेलपाटे घालतो, कचेरीतल्या अर्जदारासारखा. 1902 साली जन्मलेल्या फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थांना हे हेलपाटे पटेनात. त्यांनी फुगीर बाजूंचा एक त्रिकोण घेतला आणि कमरेत दाबलेल्या लंबगोल डब्यात गरगर फिरवला. गृहस्थांकडे इंजिनिअरची पदवी नव्हती. नजर इतकी अधू की मोटार चालवण्याचा परवानाही त्यांनी कधी काढला नाही. (इथं माझी त्यांची ओळख पटली.) 1957 साली नेकार्सुल्मच्या एनएसयू कंपनीत ते इंजिन पहिल्यांदा फिरलं, 1967 साली आरओ 80 बाजारात आली आणि युरोपातली 1968 ची सर्वोत्तम मोटार ठरली.

आणि मग टोकं झिजू लागली. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना सीलच्या पट्ट्या असतात. त्या डब्याच्या भिंतीला सतत घासत राहतात. पट्टी झिजली की दाब निसटतो आणि इंजिनाचा दम जातो. थंड इंजिनावर गावातल्या गावात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्यांच्या पट्ट्या लवकर गेल्या. शिवाय इंजिन इतकं गुळगुळीत फिरायचं की आपण ते किती पिळतोय हे चालवणाऱ्याला कळतच नसे.

कंपनीनं काय करावं? दिलेला शब्द पाळला. गाडी आली की नवं इंजिन बसवून द्यायचं, आणि तेही फारशी खळखळ न करता. हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. चहा पिता पिता सही केली आणि पुढं चौदा हप्ते भरले. त्यामुळे नेकार्सुल्मच्या हिशेबनीसांची त्या दिवसांतली झोप मला घरबसल्या दिसली. समोरासमोर आले की आरओ 80 वाले एकमेकांना बोटं दाखवून सलाम करत, असं सांगतात. जितकी इंजिनं बदलली तितकी बोटं! 1969 साली कंपनी फोक्सवॅगनच्या पदराखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. गाडी 1977 पर्यंत निघाली, आणि 1985 मध्ये कंपनीच्या नावातूनही एनएसयू ही अक्षरं गेली. उरलं नुसतं आउडी.

तिकडे हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोतोंनी 47 इंजिनिअर घेऊन त्याच पट्ट्यांशी झुंज घेतली. डब्याच्या आत उमटणाऱ्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. त्यांना उपाय सापडला. 1991 साली त्यांच्या फिरत्या त्रिकोणानं ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली.

भाच्याला मी कळवलं ते असं: आधी बॉनेट उघड आणि आत त्रिकोण आहे का ते बघ. हसू नकोस, इंग्लंडात कंटाळलेल्या मालकांनी फोर्डचं साधं व्ही-4 इंजिन आत बसवून घेतलेल्या कितीतरी गाड्या आहेत. मालकानं आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघू नकोस, थंड असताना जा. चांगली तापव, बंद कर आणि लगेच पुन्हा चालू कर. कण्हायला लागली तर पट्ट्या गेल्या समज. दाब मोजायला या इंजिनाचं वेगळं यंत्र लागतं. ते त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा दाखवतं. दोन बाजूंच्या जोरावर तिसरी खपवून घेऊ नकोस. "तेल अजिबात पीत नाही" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर जास्तच सावध हो, कारण पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून या इंजिनाला थोडं तेल प्यावंच लागतं. गंज बघ. आणि चालवताना गिअरच्या मुठीवर हात ठेवून बसू नकोस. क्लचचं बटण तिथंच आहे, नुसत्या हाताच्या भारानं क्लच सुटतो.

शेवटी लिहिलं, "कोणाला जामीन राहू नकोस." याचा गाडीशी संबंध नव्हता.

महिन्याभरानं फोटो आला. भाचा गाडीला टेकून उभा, आणि हाताची तीन बोटं वर.

सौभाग्यवती फोटो बघून म्हणाली, "तीन लाख मागतोय वाटतं."