वेदना हरवते तेव्हा: कुष्ठरोग संशोधनाचा भारतीय अध्याय

वेदना कशी शमवावी, हा वैद्यकापुढील सनातन प्रश्न. वेदना नाहीशीच झाली तर काय होते, हे मात्र कुष्ठरोगाने शिकवले आणि त्या धड्याचा मोठा भाग भारतात लिहिला गेला.

१८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे गेरहार्ड आर्मॉअर हान्सेन यांना रुग्णांच्या गाठींमध्ये काडीसारखे जिवाणू आढळले. रोग शाप नव्हे, आनुवंशिकही नव्हे, तर संसर्गजन्य आहे, या विचाराला त्यामुळे आधार मिळाला. पण मायकोबॅक्टेरियम लेप्री हा जिवाणू आजतागायत कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, ई. कोलायला अनुकूल स्थितीत वीस मिनिटे पुरतात. त्याला शरीराचे तुलनेने थंड भाग मानवतात. १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला, तेव्हा कुठे औषधांची पद्धतशीर परीक्षा शक्य झाली.

त्याआधीच, १९४६ मध्ये, पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले होते. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’, मांस आपोआप कुजते, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी जखमांचा बारकाईने माग काढला. रुग्णाची जखम इतरांसारखीच भरून येते, हे त्यांच्या लक्षात आले. मग बोटे जात कुठे? गरम भांडे उघड्या हाताने उचलले जाई, तळव्यात खिळा रुतला तरी चालणे थांबत नसे, रात्री उंदीर बोटे कुरतडत तरी झोप मोडत नसे. बोटांचा नाश थेट जिवाणू करत नव्हता. तो थांबवणारी वेदनाच उरली नव्हती. म्हणून सशक्त स्नायूंचे कंडरे वळवून निकामी हात कामाला लावण्याच्या शस्त्रक्रियांबरोबरच रोज हातपाय तपासण्याची सवय आणि योग्य पादत्राणे यांनाही उपचारांत स्थान मिळाले. पुढे अमेरिकेत ब्रँड यांनी संवेदकांच्या साहाय्याने कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा प्रयत्न केला. तो फसला. जो इशारा बंद करता येतो, तो माणूस बंद करतो. खऱ्या वेदनेचे सामर्थ्य ती टाळता न येण्यातच आहे.

जिवाणू मज्जातंतूंपर्यंत पोहोचतो कसा? तंतूंना वेढणाऱ्या श्वॉन पेशींच्या बाह्य आवरणातील लॅमिनिन या प्रथिनाला त्याच्या पृष्ठभागावरील एक मेदरेणू चिकटतो. २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. त्यासाठी निवडलेला वाण तमिळनाडूतील होता. त्यातील हजाराहून अधिक जनुके निकामी झालेली आढळली. हा परावलंबी जीव पेशीबाहेर का वाढत नाही, याचे बरेचसे उत्तर तेथे आहे. २०१७ मध्ये बडोद्यात वाढलेल्या ललिता रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी झेब्राफिशमध्ये आणखी एक दुवा दाखवला: त्याच मेदरेणूला प्रतिसाद देताना शरीराच्याच भक्षक पेशी मज्जातंतूंना इजा करतात.

१९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली. पुढे डॅप्सोनला जिवाणू दाद देईनासा झाला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांच्या बहुविध उपचारांची शिफारस केली. जिवाणू मरतो, परंतु गेलेला मज्जातंतू बहुधा परत येत नाही. येथे एक क्रूर विरोधाभास दिसतो. बधिर झालेल्या त्याच अवयवात काही रुग्णांना उपचार संपल्यानंतरही जळजळीच्या, विजेचा झटका बसल्यासारख्या वेदना होतात. साध्या वेदनाशामकांचा त्यांवर फारसा प्रभाव पडत नाही. अमिट्रिप्टिलीन, गाबापेंटिन यांसारखी मज्जातंतूंवर काम करणारी औषधे वापरावी लागतात. संरक्षक वेदना हरपते आणि निरर्थक वेदना मागे उरते.

भारताने २००५ च्या अखेरीस दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच आढळतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळले गेले, तेही २०१९ मध्ये. जिवाणूपेक्षा कलंक अधिक चिवट ठरला. त्वचेवरील बधिर चट्टा दुखत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. तो वेळीच दाखवला, तर मज्जातंतू वाचवण्याची संधी असते. उशीर झाल्यावर औषध केवळ जिवाणूंपुरते उरते.