बाहुलीघरं आणि हरवलेली माजघरं

बाहुलीघर म्हटलं की आपल्याला लहान मुलींचं खेळणं आठवतं. नाटकाची आवड असणाऱ्यांना इब्सेनचं १८७९ सालचं नाटक आणि त्यातली नोरा आठवेल. पण युरोपातली सुरुवातीची बाहुलीघरं मुलींसाठी नव्हतीच मुळी. ती मोठ्या माणसांची होती, आणि भलतीच महाग होती.

फार जुनी नोंद सापडते ती बव्हेरियाच्या ड्यूक आल्ब्रेख्त पाचव्याच्या घराची. १५५८ च्या सुमारास त्याने ते करवून घेतलं. घर आज नाही, पण त्यात काय काय होतं याची यादी नंतर झाली आणि ती शिल्लक राहिली. पुढच्या शतकात जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहरातल्या श्रीमंत घराण्यांना ही हौस लागली. तिथलं १६३९ सालचं एक घर आजही त्या शहरातल्या संग्रहालयात आहे.

मला स्वतःला सगळ्यात ओढ आहे ती हॉलंडमधल्या बाहुलीघरांची. पेट्रोनेला ऊर्टमन ही अॅमस्टरडॅममधल्या एका रेशमाच्या व्यापाऱ्याची बायको. १६८६ साली तिचं हे दुसरं लग्न झालं, आणि त्या सुमारास सुरू केलेलं बाहुलीघर १७१० पर्यंत, म्हणजे वीसेक वर्षं, सजत होतं. बाहेरून ते एक मोठं कपाट. त्यावर कासवाच्या पाठीचं आणि कथलासारख्या धातूचं जडावकाम. दारं उघडली की आत नऊ खोल्या. खऱ्या घरात जे ज्या वस्तूचं असतं ते इथेही त्याच वस्तूचं, चिनी मातीची भांडीसुद्धा खरी. खर्चाचा अंदाज २० ते ३० हजार गिल्डर सांगतात. तेवढ्यात त्या काळी कालव्याच्या काठी खरंखुरं घर आलं असतं!

श्रीमंतांचे चोचले म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण त्या नऊ खोल्या कुठल्या ते बघा. दिवाणखाना तर आहेच, पण स्वयंपाकघर आहे, बाळंतिणीची खोली आहे, घडी केलेल्या कपड्यांची खोली आहे. त्या काळचे मोठमोठे वाडे पुढच्या पिढ्यांनी बदलले, भिंती पाडल्या, चुली काढल्या. त्यामुळे खऱ्या घरांत जे उरलं नाही ते अभ्यासकांना या कपाटात बघायला मिळतं. संग्रहालयं वस्तू जपतात. आपल्या पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, भांडी काय सुंदर आहेत. पण कुठली वस्तू कशाच्या शेजारी होती, कुणाचा हात कुठवर पोचत होता, हे सुट्या वस्तूंवरून कळत नाही. बाहुलीघर ती मांडणी जपतं.

अर्थात ते जसंच्या तसं खरं मानू नये. ते मालकिणीला हवं तसं घर आहे. त्यात धूर नाही, भांडण नाही. याकोब आपेल नावाच्या चित्रकाराने या घराचं चित्र काढलं आहे. त्यात खोल्याखोल्यांतून बाहुल्या दिसतात. त्या आता जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या. सामान राहिलं, माणसं गेली. आणि ज्यांनी त्या इवल्या टोपल्या विणल्या, त्यांची नावं विचारायची सोयच नाही.

सारा रोथे या दुसऱ्या डच बाईची तऱ्हा मला अधिक जवळची वाटते. १७४३ साली तिने लिलावात तीन जुनी बाहुलीघरं घेतली आणि त्यांतून आपली दोन केली. सुतारकाम सुताराकडून, पण विणकाम-भरतकाम बरंचसं स्वतःच्या हातचं. शिवाय कुठल्या खोलीत काय आहे हे तिने वहीत लिहून ठेवलं. तिची दोन्ही घरं आज आहेत, एक हार्लेमला आणि एक हेगला.

आपल्याशी थोडा संबंध असलेलं घर म्हणजे इंग्लंडच्या राणी मेरीचं. १९२१ ते १९२४ या काळात ते झालं आणि वास्तुकार होते एडविन लुट्येन्स, जे तेव्हाच नवी दिल्लीत व्हाइसरॉयचा प्रासाद (आजचं राष्ट्रपती भवन) उभारत होते. एक इंच म्हणजे एक फूट हे माप. नळाला पाणी, चालणाऱ्या लिफ्ट, बाटल्यांत खरी वाइन! १९२४ साली वेम्बलीच्या प्रदर्शनात १६ लाखांवर लोकांनी ते पाहिलं. आता ते विंडसरला आहे.

असो. हे सगळं शोधायचं कारण सांगते. गेल्या वर्षापासून मी आमच्या आजोळच्या वाड्याचं माजघर आणि स्वयंपाकघर प्लायवूडमध्ये करते आहे, त्याच एक इंचाच्या मापाने. वाडा पाडला त्याला आता बरीच वर्षं झाली. चूल, वैल, पाटा-वरवंटा, फडताळ झालं. शिंकाळं तीनदा उसवलं, कारण वस्तू लहान करता येते, पण सुताची जाडी कमी होत नाही. जाड सूत लोंबत नाही, ताठ उभं राहतं. शेवटी शिलाईच्या दोऱ्याचे पदर सुटे करून त्यातला एक वापरला.

खरी अडचण वेगळीच आहे. वाड्याचे फोटो आहेत, पण सगळे ओटीवर नाहीतर अंगणात काढलेले. मुंजी, लग्नं, पुरुषमंडळी खुर्च्यांवर. स्वयंपाकघरात कॅमेरा कधी गेलाच नाही. आजीने आणि माम्यांनी जिथे सारा जन्म काढला त्या खोलीचा एकही फोटो नाही. आणि ती खोली आठवणारी माणसं आता आम्ही पाच-सहाच उरलो आहोत.

म्हणून आजोळच्या मंडळींना विनंती. मोरी चुलीच्या उजवीकडे होती की समोर? झरोके दोन होते की तीन? आठवेल तसं लिहून कळवा. दोघांचं पटलं नाही तर दोन्ही वहीत लिहीन. आणि बाकीच्या वाचकांनो, तुमच्या घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना जुन्या स्वयंपाकघराचा साधा आराखडा काढायला सांगा. बाहुलीघर नंतर केव्हाही होईल, आराखडा मात्र आत्ताच काढून घ्या.