लेंटिनन
लेंटिनन हे शिताके (शास्त्रीय नाव: लेंटिन्युला एडोड्स) या खाद्य अळिंबीपासून मिळणारे पॉलिसॅकॅराइड आहे. जपानी संशोधक गोरो चिहारा व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये त्याच्या अर्बुदरोधी गुणधर्माची नोंद केली.

संरचना
लेंटिनन केवळ ग्लुकोज एककांचे बनलेले असते. मुख्य साखळीत बीटा-१,३ बंध असून तिच्यातील दर ५ एककांमागे बीटा-१,६ बंधाने जोडलेल्या २ शाखा असतात. पाण्यातील द्रावणात अशा तीन साखळ्या गुंफून तिहेरी सर्पिल तयार होते.

जैविक क्रिया
लेंटिनन कर्कपेशींवर थेट आघात करत नाही. ते महाभक्षी पेशी व टी-पेशींना उद्दीपित करते. जपानमध्ये १९८५ मध्ये जठराच्या कर्करोगात रसायनोपचाराला पूरक औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. हे औषध शिरेतून देतात. अळिंबी खाणे हा त्याला पर्याय नाही.